धूर किलोमीटरनं नको, खेपेनं मोजा

आमच्या आबांची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. दर गाळप हंगामाला ते तिच्यात नवं पान काढतात. फड कुठल्या शिवारात, ऊस कुणाचा, खेप कितवी, टन किती, डिझेल किती, तोडणीच्या टोळीला उचल किती दिली, मुकादमाकडं किती राहिली, सगळं तिच्यात. लासुर्ण्यात आमचा एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. दादा चालवतो, आबा हिशेब ठेवतात. मी पुण्यात नोकरी करते. रस्त्यावरची वाहनं हवेत किती धूर सोडतात याचा अंदाज काढणारी संगणकीय मॉडेल्स तयार करणं हे माझं काम.

दिवाळीला घरी गेले होते तेव्हा आबांनी विचारलं, "तू नेमकं करती काय गं तिथं?" मी त्यांच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर सूत्र लिहून दाखवलं. एक गाडी एका किलोमीटरला किती ग्रॅम धूर सोडते तो आकडा, गुणिले रस्त्यावर तसल्या गाड्या किती, गुणिले एक गाडी वर्षात किती किलोमीटर पळते. आला धुराचा हिशेब.

आबा पानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ट्रॅक्टरला किलोमीटरचं मीटर कुठं असतंय? तासाचं असतंय." आणि थोड्या वेळानं, "कारखान्याच्या यार्डात गाडी रातभर उभी असती. तिथं किती किलोमीटर धरती?"

शून्य धरते. माझं सूत्र तिथं शून्यच धरतं. इंजिन सुरू आहे, नळीतून धूर निघतोय, ट्रॉलीखाली घोंगडी टाकून माणूस झोपलाय, आणि माझ्या हिशेबात त्या रात्रीचा धूर शून्य. आठवी शिकलेल्या माणसानं दोन प्रश्नांत माझ्या मॉडेलची दोन भोकं दाखवली. त्या रात्रीपासून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते इथं मांडते. आपल्या भागासाठी वाहनांच्या धुराचं मॉडेल नव्यानं बांधायला हवं, ते बारामती-इंदापुरात बांधायला हवं, आणि त्याचं एकक किलोमीटर न ठेवता खेप ठेवायला हवं.

आधी, आज काय आहे ते सांगते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं 'मूव्हज' नावाचं मॉडेल आहे, २०१० मध्ये आलेलं. ते गाडीवर सेकंदासेकंदाला किती भार पडतो ते पाहतं. युरोपात 'कोपर्ट' आहे, ते मुख्यतः सरासरी वेगावर चालतं. विकसनशील देशांतल्या शहरांसाठी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 'आयव्हीई' तयार केलं आणि त्यासाठी २००३ मध्ये ते पुण्यात आले. गाड्यांवर जीपीएस बसवले, रस्त्याकडेला कॅमेरे लावले. त्यानंतर पुण्यातल्याच एआरएआय या संस्थेनं भारतीय वाहनांचे उत्सर्जन गुणांक काढले. दुचाकी, तीनचाकी, कार, हलकी मालवाहू वाहनं, बस आणि ट्रक रोलरवर चालवून धूर पिशव्यांत गोळा केला, तपासला आणि ग्रॅम-प्रति-किलोमीटरचे आकडे मांडले. पुण्यासह सहा शहरांच्या हवेच्या अभ्यासाला ते आकडे लागले. हे मोलाचं काम आहे. आमच्या पिढीतली सगळीच माणसं त्याच आकड्यांवर शिकली.

पण हा सगळा शहराचा अभ्यास होता. त्यात उसाची डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं, तो पुण्याच्या लक्ष्मी रोडवर येत नाही. तो येतो अंथुर्ण्यातून जंक्शनला, जंक्शनवरून लासुर्णे, बेलवाडी, सणसर करत भवानीनगरच्या दिशेनं. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आणि शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो हा खासगी. दोन तालुक्यांत सहा कारखाने. नोव्हेंबरपासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, या रस्त्यांवर दुसऱ्या वाहनांना जागा नसते, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

'एमआयडीसी' हा शब्द आमच्या घरी आणि माझ्या कचेरीत दोन अर्थांनी येतो. बारामतीच्या माणसाला त्यातून औद्योगिक वसाहत दिसते, पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा जिथं तयार होतात ती. धुराच्या प्रयोगशाळेत त्याचा अर्थ 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' असा आहे. कार रोलरवर चढवून ठरलेल्या आराखड्याप्रमाणं चालवायची, थांबवायची, पुन्हा चालवायची, शेवटी ताशी ९० किलोमीटरपर्यंत न्यायची, आणि त्या वेळात सुटलेला धूर मोजायचा. ट्रॅक्टरची चाचणी अशी होतच नाही. त्याचं इंजिन बाकावर बसवून ठरावीक फेऱ्यांवर आणि ठरावीक भारावर चालवतात, आठ टप्प्यांत. शेतात नांगर ओढणाऱ्या यंत्राला ही पद्धत ठीक आहे. पण आमच्याकडं ट्रॅक्टर नांगर किती दिवस ओढतो? पावसाळ्याच्या आगेमागे थोडे. उरलेलं अर्धं वर्ष तो मालगाडी असतो.

मालगाडी हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण मुद्दा वजनाचा आहे. दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस, ट्रॉल्यांचं वजन आणि ट्रॅक्टर मिळून अठ्ठावीस टन धरा. वाटेत कालव्याचा पूल येतो. नीरा डाव्या कालव्यामुळं यातला बराचसा ऊस उभा आहे, आणि त्याच्या नि त्याच्या फाट्यांच्या पुलांचे चढ प्रत्येक खेपेला चढावे लागतात. समजा चढ चार मीटरचा आहे. डिझेलमधल्या उष्णतेतला तीस टक्के भाग इंजिन कामाला लावतं असं धरलं, तर बाराशे किलोच्या कारला तेवढं वर जायला चहाचा एक चमचाभरही डिझेल लागत नाही. उसाच्या ट्रॅक्टरला तेवढ्याच चढाला शंभर मिलिलिटर लागतं. हा फक्त उंची चढण्याचा हिशेब. टायर रस्त्यावर रुतवत चालण्याचा, खड्ड्यातून बाहेर येण्याचा, बेलवाडीच्या वळणावर एसटीला वाट देऊन पुन्हा पहिल्या गिअरपासून उचलण्याचा खर्च वेगळा. त्या चढावर नळीतून जो काळा लोट निघतो, तो सरासरी वेगाच्या मॉडेलमध्ये नीट येत नाही. सरासरी वेग ताशी पंधरा असला तरी, सपाटीवर संथ पंधरा आणि थांबत-चढत पंधरा यांत इंजिनाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून मी ज्या मॉडेलबद्दल बोलते आहे, ते खेपेपासून सुरू व्हावं. खेप म्हणजे काय, हे वाहनमालकाला विचारलं तर तो तुकडे पाडून सांगतो. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडात जाणं. तिथं टोळी मोळ्या भरेपर्यंत उभं राहणं. भरलेली ट्रॉली ओल्या सरीतून बांधावर काढणं. त्याला बऱ्याचदा पुढं दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो आणि दोन्ही इंजिनं पाच-दहा मिनिटं जिवाच्या आकांतानं ओरडतात. मग पाणंद, मग डांबरी रस्ता. मग कारखान्याचं गेट, टोकन, रांग. वजनकाटा, ऊस उतरवायची गव्हाण, रिकामं वजन, आणि परत. या प्रत्येक तुकड्यात इंजिनाची अवस्था वेगळी, धुराची जात वेगळी. फडातून काढताना काजळी जास्त. रांगेत धूर थोडा थोडा, पण तासन् तास आणि माणसांच्या नाकाजवळ. किलोमीटरच्या हिशेबात यातला फक्त डांबरी रस्त्याचा तुकडा शिल्लक राहतो.

रांगेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथं मी स्वतः बसले आहे. शाळेत असताना एकदा दादाबरोबर खेपेला गेले होते. कुठला कारखाना ते सांगण्यात अर्थ नाही, त्या हंगामात सगळीकडं तीच गत होती. संध्याकाळी सहाला गेटवर आलो आणि गव्हाणीपाशी नंबर लागला तेव्हा कोंबडं आरवलं होतं. मी दादाला विचारलं, इंजिन बंद का करत नाहीस? तो म्हणाला, बॅटरी उतरलीय, बंद केलं तर ढकलायला माणसं आणू कुठनं. आणि रांग दर दहा-पंधरा मिनिटांनी एक गाडी पुढं सरकती, सरकलं नाही तर मागचा घुसतो. थंडीचे दिवस होते. डिसेंबरातल्या पहाटे हवा जमिनीला चिकटून बसते, धूर वर जात नाही. यार्डाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या, आत लहान मुलं खोकत होती. मी हवा-प्रदूषणाकडं वळले त्याची बरीच कारणं आहेत, पण कुणाला खरं कारण सांगायचं झालं तर मी ती पहाट सांगते.

मॉडेल बांधायचं तर माहिती कुठून आणायची, हा माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न. 'मूव्हज'सारख्या मॉडेलमागं अफाट मोजमापं आहेत, आपल्याकडं तेवढा पैसा नाही, असं उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. आबांच्या वहीनं मला शिकवलं की आपल्याकडं माहिती नाही हेच खरं नाही. ती कारखान्याच्या एकाच आवारात तीन टेबलांवर पडली आहे. शेतकी विभागाकडं उसाची नोंद असते: गाव, गट, क्षेत्र, म्हणजे अंतर. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचं भरलेलं वजन, रिकामं वजन, वाहनाचा नंबर आणि वेळ असते. आणि ज्या कारखान्यांच्या पंपावर वाहनमालकाला उधारीवर डिझेल मिळतं आणि वाहतुकीच्या बिलातून कापलं जातं, तिथं लिटरचा हिशेब असतो. अंतर, वजन, वेळ, डिझेल. जगातल्या कुठल्याही शहराला स्वप्नातही मिळणार नाही अशी ही नोंद आहे, दर हंगामाला, खेपेगणिक. पुण्यात आम्ही चौकात माणसं उभी करून गाड्या मोजतो, आणि इथं प्रत्येक गाडी आपल्या पायानं काट्यावर चढते आणि पावती घेऊन उतरते.

या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. मॉडेल खरं की खोटं हे तपासायचं कसं? डिझेलनं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, रसायनशास्त्राचा नियमच आहे तो, त्यात घासाघीस चालत नाही. मॉडेलनं सांगितलेलं हंगामाचं डिझेल आणि पंपावरच्या पावत्यांची बेरीज जुळली नाही, तर मॉडेल चुकलं. एवढा सरळ पुरावा शहराच्या मॉडेलला मिळत नाही, कारण शहरात कोणी कुठं किती पेट्रोल भरलं आणि कुठं जाळलं याचा मेळ लागत नाही.

गाड्या किती, हा आकडासुद्धा आरटीओच्या नोंदणीवरून घेऊन चालणार नाही. बारामतीची पासिंग एमएच-४२. पण हंगामात रस्त्यावर उभं राहून पाहा. एमएच-२३ बीडची, एमएच-१६ अहिल्यानगरची, एमएच-४५ अकलूजची. टोळ्या जिथून येतात तिथूनच पुष्कळ ट्रॅक्टरही येतात. नोंदणीवर चालणारं मॉडेल त्यांचा धूर आष्टी-पाटोद्याच्या खात्यावर टाकतं आणि तो धूर पडतो सणसर-माळेगावात. पट्टा पडला की हीच वाहनं नाहीशी होतात. तेव्हा वर्षाची सरासरी काढणं म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा मिसळून कोमट हवामान सांगण्यासारखं आहे. मॉडेलला हंगाम कळला पाहिजे.

आबांचा पहिला प्रश्न तासाच्या मीटरचा होता. त्यात आणखी एक मेख आहे, ती मला दादानं दाखवली. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. ठरावीक फेऱ्यांना घड्याळाचा तास आणि मीटरचा तास सारखा पडतो, पण इंजिन मंद चालू असेल तर मीटर हळू सरकतं. म्हणजे रांगेतले तास तिथंही कमीच मोजले जातात. किलोमीटरच्या हिशेबानं ते वगळले आणि तासाच्या मीटरनं ते आखडले. म्हणून टोकन आणि काटा यांच्यातल्या वेळेची नोंद हाच एक खरा साक्षीदार राहतो.

मात्र एक गोष्ट कागदांवरून मिळणार नाही. भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टर प्रत्यक्षात किती काजळी आणि किती नायट्रोजन ऑक्साइड सोडतो, हे नळीला यंत्र लावूनच कळेल. धूर मोजणारी फिरती यंत्रं आता आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा अमेरिकेत उघडा पडला, त्याची सुरुवात अशाच यंत्रानं झाली होती; वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ते कारमध्ये ठेवून शेकडो मैल गाडी चालवली आणि प्रयोगशाळेतला धूर नि रस्त्यावरचा धूर वेगळे निघाले. आपल्याकडं बीएस-६ या धुराच्या नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, कारच्या धुराची रस्त्यावर तपासणी आली. ट्रॅक्टरवर ते यंत्र बसवून अंथुर्णे ते भवानीनगर खेप करायला काय हरकत आहे? वेगवेगळ्या वयाचे दहा-बारा ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या आठ-दहा खेपा. काम एका हंगामाचं आहे.

नव्या ट्रॅक्टरांनी प्रश्न आपोआप सुटेल, असं मला कचेरीत सांगतात. ट्रकांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, एप्रिल २०२० पासूनच्या ट्रकना काजळी अडवणारा फिल्टर असतो. ट्रॅक्टरांचे नियम मागं राहिले. जानेवारी २०२३ मध्ये कडक झालेला टप्पा ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना लागू झाला, खालच्यांना जुनाच राहिला. आणि आमच्याकडं ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं चालवतात, कर्ज फिटल्यावरच तो खरा आपला होतो.

इथंच मला भीती वाटते आणि ती स्पष्ट लिहिते. असं मॉडेल झालं की कुणीतरी त्यातून जुन्या ट्रॅक्टरांची यादी काढेल आणि म्हणेल, हे बंद करा. ते मला मान्य नाही. वाहनमालकाला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, रांगेत जळलेलं डिझेल त्याच्या खिशातून जातं. धूर त्याच्या नळीतून निघाला तरी रांग त्यानं लावलेली नाही. रांग लागते ती तोडणीचा कार्यक्रम आणि गव्हाणीची क्षमता यांचा मेळ बसत नाही म्हणून. मॉडेलचा पहिला उपयोग रांग मोडायला व्हावा: कुठल्या शिवारातल्या तोडणीच्या चिठ्ठ्या कुठल्या दिवशी द्यायच्या, काट्यावर किती वाजता किती गाड्या याव्यात, जवळचा ऊस सोडून लांबचा, कार्यक्षेत्राबाहेरचा गेटकेन आणला तर किती लिटर जादा जळतं. हे आकडे समोर आले की त्यावर सभासदांना वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतील. शेतकऱ्यालाही यात रस आहे, तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर त्याच्याच बिलातून वजा होतो, आणि वाळत उभ्या असलेल्या उसाचं वजनही त्याचंच घटतं.

बारामतीला संगणकाचं वावडं नाही. इथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीनं उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र, आणि मोबाइलवर पाणी कधी द्यायचं त्याची सूचना. दूरदूरचे लोक ते बघायला येतात. उसाला पाणी किती द्यायचं हे आपण उपग्रहाला विचारतो, मग तोच ऊस तोडल्यावर बांधापासून गव्हाणीपर्यंत किती काजळी सोडत जातो हे विचारायला एवढा उशीर का?

सगळा दोष वाहतुकीचा नाही, हेही सांगते. पाचट पेटवतात त्याचा धूर आहे, बॉयलरच्या चिमणीचा आहे, रस्त्यांवरची धूळ आहे. पण त्यांचे वाटे पाडायचे तर वाहनांचा वाटा आधी ठाऊक हवा. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात शहरांची यादी आहे. पुणे आहे, सोलापूर आहे. दोघांच्या मधला ऊसपट्टा नाही, कारण तो शहर नाही.

कामं वाटून घेता येतील. साखर आयुक्तालयानं कारखान्यांकडून काट्याच्या नोंदी मागवाव्यात, शेतकऱ्याचं आणि वाहनमालकाचं नाव काढून. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला तोडणी-वाहतुकीचं गणित माहीत आहे, एआरएआयकडं धूर मोजायची विद्या आहे, बारामतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शिकणारी आमच्याच गावांतली पोरं आहेत. मॉडेल तयार झाल्यावर त्याचं सूत्र आणि आकडे मराठीत उघडे ठेवावेत, म्हणजे आबांसारखा माणूस त्यात भोक असेल तर दाखवू शकेल. मी सुट्टी काढून यायला तयार आहे आणि माझ्याबरोबरचे दोघे-तिघेही.

दिवाळीनंतर आबांनी वहीत एक जादा रकाना आखला. 'टोकन ते काटा.' त्याखाली दोन बारीक घरं, एक गाडी उभी राहिल्याच्या तासांचं, दुसरं इंजिन सुरू असल्याच्या तासांचं. पहिल्या खेपेची नोंद त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली: उभी साडेसहा, सुरू चार. मी तो आकडा संगणकात घातला. जिथं शून्य होतं तिथं.